वच्छलाबाईंची पांढरी जोडी

वच्छलाबाईंनी पिशवीतून बूट काढून माझ्या टेबलावर ठेवला. मग पिशवीत पुन्हा हात घालून त्याच बुटाचा तळ काढला आणि शेजारी ठेवला.

"मॅडम, परत निघालं," त्या म्हणाल्या.

ही तिसरी वेळ. पहिल्यांदा सुटला तेव्हा मी त्यांनाच दोन शब्द सुनावले होते. दुसऱ्यांदा त्यांच्या नवऱ्याला सुनावले. आता सुनावायला कोणी उरलं नव्हतं, कारण या वेळचं चिकटवणं मी स्वतः, माझ्या हातानं केलं होतं.

मी खामगावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ऑर्थोटिस्ट आहे. म्हणजे पोलिओच्या पायाला लावायचे कॅलिपर, पाठीचे पट्टे, कमी-जास्त लांबीच्या पायांसाठीचे बूट, असं सगळं आमच्या खोलीत तयार होतं. गावाकडचे पेशंट मला 'बुटवाल्या मॅडम' म्हणतात. सुरुवातीला राग यायचा. एवढं शिकून बुटवाली? आता फोनवर मीच तशी ओळख सांगते, कारण दुसरं काही सांगितलं तर समोरचा फोन ठेवून देतो.

वच्छलाबाई लोणार तालुक्यातल्या, सुलतानपूरच्या पुढं एक लहान गाव आहे तिथल्या. लहानपणी खुब्याच्या सांध्यात पू झाला, कोणी वेळेवर पाहिलं नाही, आणि डावा पाय वाढायचा राहिला. उजव्यापेक्षा तो चार बोटं आखूड आहे. अशा पायाच्या बुटाखाली आम्ही बुचाचा थर देतो. बाटलीचं बूच असतं ना, तेच. त्याचे दाणे दाबून केलेल्या जाड पाट्या मिळतात. बूच वजनाला हलकं, सुरीनं कापता येतं, घासून हवा तसा उतार देता येतो. वर बूट, मधे बूच, खाली रबराचा तळ. तिन्ही नीट चिकटले तर माणूस सरळ चालतो. सुटले तर तोंडावर आपटतो.

बाई गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या. दुसरी एक बाई जोडीला, आणि दोघींच्या मधे एवढं मोठं पातेलं. बूट दुरुस्तीला माझ्याकडे आला की त्या शाळेच्या आवारात भिंत धरून चालायच्या, आणि ते मुख्याध्यापकांच्या नजरेत यायचं.

"सर म्हणले, बाई, झेपत नसंल तर सांगा, दुसरी पाहू," त्या म्हणाल्या. "मॅडम, आजच्या आज द्या करून. मी इथंच बसते."

त्यांना त्या कामाचा मान होता. गावात रस्त्यानं जाताना पोरं 'खिचडीवाली मावशी' म्हणून हाका मारायची, हे त्या मला प्रत्येक खेपेला सांगायच्या. पायामुळं लग्न उशिरा झालेलं, मूलबाळ नाही. लंगडी म्हणून हाक ऐकत मोठी झालेली बाई. त्यांना ती नवी हाक किती हवी होती ते मला न सांगता कळायचं.

मी बूट उचलून खिडकीपाशी नेला. चिकटवलेली वस्तू सुटली की ती कशी सुटली हे आधी बघायचं असतं. बूच फाटून सुटलं असेल तर चिकटवायचं सोल्यूशन चांगलं होतं, बूच कमजोर होतं. एका बाजूचं सोल्यूशन पापुद्र्यासारखं निघालं असेल तर ती बाजू नीट घासली नव्हती. इथं तिसरंच होतं. दोन्ही बाजूंना सोल्यूशन जागेवर होतं, पण मऊ पडलेलं. मी बोट लावून ओढलं तर गुळाच्या पाकासारखी तार निघाली.

पहिल्या वेळीही असंच झालं होतं. तेव्हा दोष तळाचा होता. त्या बुटाला पीव्हीसीचा तळ होता, म्हणजे स्वस्त बुटांना असतो तो प्लास्टिकचा. ते प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेल घातलेलं असतं. आम्ही नेहमी वापरतो त्या पिवळ्या रबरी सोल्यूशननं ते पहिल्या दिवशी इतकं घट्ट बसतं की वाटतं, झालं काम. मग ते तेल हळूहळू पाझरतं आणि सोल्यूशनचा चिखल करून टाकतं. मी तेव्हा बाईंना रागावले होते की सांगितलेलं दुकान सोडून बूट दुसरीकडून का घेतला. मग तो तळ काढून तिथं खरा रबराचा लावला.

दुसऱ्या वेळी त्या माझ्याकडे यायच्या आधी नवऱ्यानं हात मारला. भगवानभाऊंचं फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे. त्यांनी बुचाला पंक्चरचं सोल्यूशन लावलं, वर ट्रॅक्टरचा जॅक ठेवून दाबलं, आणि बूच दाण्यादाण्यानं चुरून आलं.

"मॅडम, ट्रॅक्टरची ट्यूब धरते, मंग हे बूच काऊन नाई धरत?" भगवानभाऊंनी मला विचारलं होतं. स्वतःच्या धंद्याचा अपमान झाल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

"भाऊ, ते सोल्यूशन रबराला रबर जोडायला केलेलं. बूच ते पिऊन टाकतं. पहिला हात पातळ द्यायचा, तो पिऊ द्यायचा, वाळू द्यायचं, मग दुसरा हात."

"वाळू द्याचं हे मले मालूम आहे. ओलं चिकटवणारा पंक्चरवाला मी नोय."

ते बरोबरच होतं. या सोल्यूशनच्या बाबतीत बहुतेक लोक तिथंच चुकतात. ओलं असतानाच दाबतात, कारण ओलं जास्त चिकटेल असं वाटतं. दोन्ही बाजूंना लावून, बोटाला तार येईनाशी होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच नीट नेम धरून बसवायचं. बसवल्यावर हलवता येत नाही. भगवानभाऊ या एका बाबतीत माझ्या दोन असिस्टंटपेक्षा शहाणे होते. तरी मी त्यांना बोललेच, कारण बूच वाया गेलं होतं आणि माझा स्वभाव असा.

आता तिसऱ्या वेळी तळ रबराचा, बूच नवं, हात माझा. तरी सोल्यूशन मऊ. तेल नाही, मग राहिलं ऊन.

"बाई, बूट दिवसभर कुठं असतो?"

"पायात. अजून कुठं असंल?"

"स्वयंपाक करतानाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटावी. "चुलीपाशी कोणी चप्पल घालून जाते का मॅडम? बाहीर काढतो. दारात."

"सावलीत?"

"दारात," त्या पुन्हा म्हणाल्या.

मी बूट खाली ठेवला. उन्हाचं कळलं होतं, पण माझं डोकं दुसरीकडेच गेलं. सकाळी शाळेत पोचल्यापासून भांडी घासून होईपर्यंत ही बाई बुटाशिवाय होती. त्या बुटाची खरी गरज तिला त्याच वेळात होती. मी तो बूट गावातून शाळेत चालत जायला करून दिला होता.

"मग आत उभ्या कशा राहता?"

"पाट हाय ना. डाव्या पायाखाली घेते. सरकायचं असलं की पायानंच ढकलते."

त्यांनी उठून दाखवलं. पाट नव्हता म्हणून माझी एक लाकडाची ठोकळी पायाखाली घेतली, हातात पातेलं असल्यासारखे हात पुढं धरले आणि ठोकळी पायानं ढकलत टेबलापर्यंत आल्या. आणि हसल्या. उकळत्या वरणाचं पातेलं घेऊन ही बाई रोज असं चालत होती.

त्या दिवशी बूट नेहमीच्याच सोल्यूशननं बसवून दिला. बाईंना सांगितलं, सावलीत ठेवा, नाहीतर वरून ओलं पोतं टाका. त्या हो म्हणाल्या. दुपारच्या गाडीनं मेहकरला गेल्या, तिथून पुढं दुसरी गाडी.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरी साहेबांकडे गेले. आमच्या ट्रस्टचे सेक्रेटरी जिनिंगच्या धंद्यातले. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक वस्तूकडे कापसाच्या गाठीच्या भावानं बघतो.

"साहेब, पीयू सोल्यूशन लागेल, पॉलियुरेथेनचं. आणि त्याचं हार्डनर."

"हार्डनर म्हणजे?"

"सोल्यूशनमध्ये थोडं मिसळायचं असतं. मग ते उन्हानं मऊ पडत नाही. पीव्हीसीलाही धरतं, तेलाला दाद देत नाही."

"उरलेलं?"

"मिसळलेलं त्याच दिवशी वापरायचं. उरलेलं घट्ट होतं, फेकून द्यायचं."

"फेकून द्यायचं?" साहेब खुर्चीत पुढं सरकले. "इतकी वर्षं त्या पिवळ्या डब्यावर काम चाललं की."

"सुटत होतं, साहेब. लोक परत येत नव्हते एवढंच."

"एका बाईच्या बुटासाठी?"

"उन्हात बूट काढणाऱ्या प्रत्येकासाठी."

"आपल्या जिल्ह्यात उन्हात बूट काढत नाही असा कोण आहे?"

"तेच म्हणते मी."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "एक डबा मागवा. मग पाहू."

तो डबा येईपर्यंत मी दुसरं काम काढलं. वच्छलाबाईंना आत घालायला वेगळी जोडी हवी होती. आत घालायची म्हणजे तिच्यात चामडं नको. चामडं पाहिलं की चुलीपाशी कोणी उभं करणार नाही, आणि मलाही ते चाललं नसतं. पांढरी हवी, म्हणजे मळ लगेच दिसेल आणि ती स्वच्छ आहे हेही दिसेल. धुता यावी. बाहेरच्या जमिनीला कधी टेकू नये. आत बूच, त्याला चहूबाजूंनी ईव्हीएचं आवरण, म्हणजे स्पोर्ट शूजच्या टाचेत असतो तो फेसासारखा मऊ, हलका पदार्थ. खाली न घसरणारं रबर. वरचे पट्टे प्लास्टिकचे.

प्लास्टिकवर मी अडकले. हाताशी होतं ते पॉलिप्रॉपिलीन, ज्याचे आम्ही कॅलिपर करतो. त्याला जगातलं कुठलंच सोल्यूशन धड धरत नाही. मेणासारखं अंग असतं त्याचं, लावलेलं सगळं सालीसारखं निघून येतं. नवीन असिस्टंट दर वेळी प्रयत्न करतात आणि दर वेळी मी त्यांना करू देते, कारण माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्याला रिव्हेटच मारावा लागतो. पण रिव्हेटच्या भोकातून पाणी बुचात शिरलं असतं आणि बूच आतून कुजलं असतं. म्हणून पट्टेही ईव्हीएचेच केले.

सोल्यूशन कुठलं ते ठरवायला मी बुचाचे आणि ईव्हीएचे तुकडे वेगवेगळ्या पद्धतींनी जोडले. काही चहाच्या किटलीत उकळले, काही तेलात बुडवून ठेवले, काही दवाखान्याच्या गच्चीवर पत्र्यावर टाकले. सुताराचा पांढरा गोंद किटलीत दुधासारखा विरघळला. झटपट चिकटवणाऱ्या छोट्या ट्यूबवाल्यानं कडक पकड घेतली आणि तुकडा वाकवल्याबरोबर कट्कन आवाज करून सोडून दिली. दोन ट्यूबांतलं मिसळून करतात ते इपॉक्सी तर इतकं टणक झालं की त्याच्या कडेनं बूचच तुटलं. चालणाऱ्या वस्तूला वाकणारा सांधा लागतो. आमचा नेहमीचा पिवळा डबा गच्चीवर एका दुपारीच हरला. पीयूचा डबा आल्यावर त्याचेही तुकडे तसेच उकळले, भाजले, तेलात घातले. ते टिकले. मी पक्कडीनं ओढून पाहिलं, माझ्या असिस्टंटनं ओढून पाहिलं. शेवटी बूच फाटलं, सांधा तसाच.

मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. आधी बाईंचा बाहेरचा बूट मागवून घेतला आणि नव्या सोल्यूशननं बसवून परत पाठवला. मग पांढरी जोडी केली. डाव्याला उंची, उजव्याला साधी. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसायला चांगली दिसत होती.

मेहकरला आमचं शिबिर होतं. तिथून जीप घेऊन मी बाईंच्या शाळेत गेले. स्वयंपाकाची खोली मागच्या बाजूला. दारात चिखल होऊ नये म्हणून पत्र्याचा तुकडा टाकलेला, आणि त्यावर चपला ओळीनं. मधोमध बाईंचा उंच बूट, त्यावर माझ्या सांगण्याप्रमाणं टाकलेलं, पण केव्हाच वाळलेलं पोतं. मी पत्र्याला बोट लावलं आणि झटक्यानं मागं घेतलं.

आत बाई पाट ढकलत होत्या. मला पाहून थांबल्या. पांढरी जोडी मी त्यांच्या हातात दिली तर त्यांनी ती नव्या लुगड्यासारखी दोन्ही हातांवर घेतली.

"घाला की."

"इथं?"

"इथंच घालायची आहे ती."

त्यांनी जोडीदारणीकडे पाहिलं. त्या गोदाबाई. कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "आज हिची चप्पल, उद्या माही, परवा कोणाची. लेकराईचं अन्न हाय मॅडम."

"ही चप्पल नाही. ही त्यांच्या पायाची कमी पडलेली चार बोटं आहेत."

"ते तुमाले दिसते. गावाले चप्पल दिसंन."

वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, मलेबी बरं नाई वाटत. इतकी वर्सं कधी घातली नाई. सरायले इचारा आधी."

मुख्याध्यापकांनी मला चहा पाजला. सभ्य, थकलेला माणूस. शिकवण्यापेक्षा तांदळाचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच दिवस जातो, असं स्वतःच म्हणाला.

"सर, तुम्ही देवळात जाताना चष्मा काढता का?"

"नाही."

"तसंच आहे हे."

"मला पटतं हो मॅडम. शंभर टक्के पटतं." ते खुर्चीवर अस्वस्थ झाले. "पण उद्या कोणी फोटो काढला, स्वयंपाकखोलीत पायतण म्हणून, तर उत्तर मला द्यावं लागेल. समितीपुढं ठेवतो. पालकांची समिती आहे, त्यांनी हो म्हटलं की माझी काहीच हरकत नाही."

"तोपर्यंत बाई पाटावर?"

"पाट तर किती दिवसांपासून आहे."

त्यांनी माझ्या देखत पांढरी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ऑफिसच्या कपाटात ठेवली. समितीला दाखवायला हाताशी असावी म्हणून. कुलूप लावलं. मी निघताना वच्छलाबाई दारापर्यंत सोडायला आल्या, पाट आतच ठेवून, लंगडत. माझा राग अनावर झाला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. त्या माणसानं माझं एक वाक्यही खोडून काढलं नव्हतं.

मग मी फोन करत राहिले. एका मीटिंगला पुरेसे लोक आले नाहीत. एका मीटिंगमध्ये गॅसच्या शेगडीचाच विषय चालला. नंतर उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. सुट्ट्यांनंतर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, विषय यादीत घेतलाय. पुढच्या मीटिंगला नक्की." मधल्या काळात बाईंचाही एकदा फोन आला होता. बूट मस्त टिकला म्हणाल्या. उन्हात राहतो तरी काही होत नाही. मीही खूश झाले. मग विचारलं, आतल्या जोडीचं काय? "मिळंन ना," त्या म्हणाल्या. "सर म्हणले मिळंन."

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. मी एका पोराच्या पायाचं माप घेत होते आणि भगवानभाऊंचा फोन आला. मला वाटलं बुटाचं काही असेल.

"पाट घसरला मॅडम," ते म्हणाले.

बाईंच्या हातात भाताचं पातेलं होतं. खाली फरशीवर पेज सांडलेली. पाट पुढं गेला, बाई मागं. भात मांडीवर आला तेवढाच, पण पडल्या त्या नेमक्या त्या खुब्यावर, लहानपणी पू झालेल्या. हाड खुब्यापाशी मोडलं.

"बूट?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. तोंडातून निघून गेलं.

"बूट दारातच व्हता. त्याले काय झालं, मस्त हाय तो."

अकोल्याला ऑपरेशन झालं. सांधा आधीच खराब असलेला, डॉक्टरांनी होतं तेवढं केलं. मी भेटायला गेले तेव्हा बाई झोपूनच होत्या. माझा हात धरून पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "मॅडम, लेकरं त्या दिवशी उपाशी राह्यली असतीन." मला तिथं उभं राहवेना. बाहेर येऊन मी भिंतीकडे तोंड करून रडले. इतक्या वर्षांच्या नोकरीत पेशंटसाठी रडल्याचं मला दुसरं आठवत नाही.

शाळेत दुसरी बाई लागली. त्यात शाळेचीही चूक म्हणता येत नाही, खिचडी तर रोज शिजायला हवी.

काही महिन्यांनी भगवानभाऊ बाईंना घेऊन नव्या मापासाठी आले. पाय आता आणखी आखूड झाला होता. खुबा नीट वळत नव्हता, काठीशिवाय उभं राहणं नव्हतं. बाई बाकावर बसल्या आणि भाऊंनी माझ्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली. तीच पिशवी. आत पांढरी जोडी, जशी दिली तशी. तळाला धूळसुद्धा नव्हती.

"सरनं धाडली. म्हणे शाळेत ठेवून काय करता. समितीनं मंग हो म्हणलं होतं म्हणे." भाऊंनी जोडी उलटसुलट करून पाहिली. "दुसऱ्या कोणाले येईन का ही?"

"नाही भाऊ. बाईंच्या मापाची आहे."

"मंग त्याइलेच होईन का?"

"आता त्यांनाही नाही."

बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या, जणू आम्ही तिसऱ्याच कोणाबद्दल बोलत होतो.

खालचं रबर चांगलं होतं, नव्या बुटाला वापरता आलं असतं, म्हणून मी ती जोडी उघडायला घेतली. कडेनं सुरी घातली. रबर सुटेना. हीटगननं तापवलं, तरी सुटेना. पक्कडीनं जोर लावला तेव्हा बुचाचे तुकडे झाले आणि रबराला चिकटलेला बुचाचा थर रबरावर तसाच राहिला. भगवानभाऊ जवळ येऊन पाहत होते. त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला.

"अस्सल हाय मॅडम तुमचं सोलुशन," ते म्हणाले. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, म्हणून मला जास्त लागलं.

सेक्रेटरी साहेबांनी पीयूची खरेदी कायमची मंजूर केली आहे. आमचे बूट आता सुटत नाहीत, अशी ख्याती झाली आहे, साहेब ती पाहुण्यांना सांगतात. मी माझ्या केसपेपरवर एक प्रश्न वाढवला आहे: बूट दिवसातून कुठं कुठं काढावा लागतो? शाळा, स्वयंपाकघर, देऊळ, मशीद, विहार, साहेबाची केबिन. उत्तर लांबलचक येतं. ऐकून घेते आणि पहिल्याच दिवशी दोन जोड्यांचं माप घेते. दुसरी जोडी मी आता कोणाच्या कपाटात ठेवायला देत नाही. पेशंटच्या पायात घालूनच पाठवते, मग आत कोणी काय म्हणायचं ते म्हणो. एवढ्या सगळ्यातून शिकले ते इतकंच, आणि ते शिकायला सोल्यूशनचं ज्ञान लागत नव्हतं.

मागच्या शिबिराहून येताना मी फाट्यावर थांबले होते. वच्छलाबाई दुकानात भाऊंजवळ टायरच्या ढिगावर बसून असतात. भाऊंना सोल्यूशनची ट्यूब काढून देतात, ठिगळं कापून देतात. तिथं जमीन मातीचीच आहे, चपला काढायला कोणी सांगत नाही. शाळा सुटल्यावर पोरं समोरून जातात. एक-दोघं हाक मारतात, बाकीच्यांना आता नवी मावशी माहीत आहे. बाईंनी पाय पुढं करून मला नवा बूट दाखवला. सांध्यावर केसाएवढी फट नाही. दिवसभर पायातच असतो, उन्हात पडत नाही. झिजलेलाही नाही, कारण बाई आता उभ्या राहतच नाहीत.